पुरातून आलेली मुलं: निवारा केंद्रात आधी वही, मग वाटप

पूर आला की गावातल्या शाळेचं कुलूप उघडतं, सतरंज्या पडतात आणि तासाभरात बिस्किटांचे खोके येऊन धडकतात. पोरांच्या हातात पुडा दिला की पोरांचं काम झालं, असं सगळ्यांनाच वाटतं. गिरणा आणि तापीच्या काठावर मी हेच पुन्हा पुन्हा पाहिलंय. माणसं जीव तोडून राबतात, पण क्रम चुकतो. नाव लिहायच्या आधी फोटो निघतो, चौकशीच्या आधी मूल कुणाच्या तरी हाती जातं, संडासाकडे दिवा लागायच्या आधी खेळणी येतात. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. सरपंच, गुरुजी, आशाताई, अंगणवाडीताई, तरुण मंडळाची पोरं, ज्यांच्या अंगावर हे काम ऐनवेळी येऊन पडतं त्यांच्यासाठी.

## टप्पा १: मे-जूनमध्ये करायची कामं

खानदेशात पूर दोन तऱ्हांनी येतो. तापीचं पाणी बहुतेक वेळा सांगून येतं. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत. ते उघडायचे ठरले की काठच्या गावांना इशारा जातो आणि हाताशी काही तास मिळतात. डोंगरातून उतरणाऱ्या छोट्या नद्यांचं तसं नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी या नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं, ते वर डोंगरात रात्री कोसळलेल्या पावसाचं. कन्नड घाटात त्याच वेळी दरडी आल्या होत्या. तुमचं गाव कुठल्या तऱ्हेत बसतं ते आधी ठरवा. दुसऱ्या तऱ्हेत असेल तर 'इशारा आला की करू' हे वाक्य विसरा.

मुलांची यादी. शाळेचा पट आणि अंगणवाडीचं रजिस्टर जोडलं की यादी झाली, असं समजू नका. दोन्हीकडे नसलेली मुलंच पाण्यात आधी अडकतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, कुटुंब नदीकाठच्या मळ्यात राहतं, त्याचं नाव गावच्या एकाही कागदावर नसतं. रावेर-यावलकडे केळीच्या बागांत सातपुड्यातून आलेली पावरा आदिवासी कुटुंबं खोपटं टाकून असतात. एक माणूस मोटारसायकलवर पाठवा आणि काठच्या प्रत्येक मळ्यातली, तांड्यावरची लेकरं मोजून आणा.

यादीत काही नावांपुढे लाल खूण करा: चालता-ऐकता-बोलता न येणारं मूल, फिट येणारं, तीव्र कुपोषित, आई-बाप सुरतेला कामाला आणि स्वतः आजीजवळ असलेलं, एकट्या आईचं. नंदुरबारच्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली) मुलं वेगळी लिहा. ओलं अंग, गारठा आणि कमी पाणी पिणं एवढ्यानंही त्यांच्या हाडा-सांध्यांत असह्य कळा सुरू होतात. अशा मुलाला कोरडे कपडे आणि पाणी सगळ्यांत आधी मिळालं पाहिजे.

ओळख चिठ्ठी. लहान मुलाचं नाव, गाव आणि घरातल्या दोघांचे फोन नंबर एका चिठ्ठीवर बॉलपेनने लिहा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि सदऱ्याच्या आतल्या बाजूला टाचा. ताईत बांधतो तशी दंडाला बांधली तरी चालेल. नाव बाहेरून दिसेल असं गळ्यात अडकवू नका. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की पोर त्याच्यामागे सहज जातं.

एक बंद पिंप. त्यात दोन लांब रजिस्टर, बॉलपेनं, मार्कर, टॉर्च, शिट्ट्या, ओआरएसची पाकिटं, सॅनिटरी पॅड, सुती कापड. झाकणाच्या आतून कागदावर नंबर चिकटवा: १०९८ मुलांसाठी, ११२ पोलिसांसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, शिवाय तुमच्या पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांचा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा आणि तहसील नियंत्रण कक्षाचा. मोबाइलमध्ये 'सेव्ह आहे' याला अर्थ नाही. पुरात पहिल्यांदा वीज जाते आणि मग बॅटरी.

मुलांची जबाबदारी कुणाची, तेही नावानिशी आताच ठरवा. निदान दोन बाया हव्यातच. 'सगळे बघतील' म्हणजे कुणीच बघत नाही.

> तपासा: पिंपातल्या वहीची पहिली दोन पानं रकाने आखून तयार आहेत का? रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात कुणी रकाने आखत बसत नाही.

## टप्पा २: पहिला तास, दारातली नोंद

शाळेला दोन फाटकं असतील तर एक बंद करा. आत येणारं प्रत्येक मूल एका टेबलासमोरून गेलं पाहिजे. टेबलावर एक जण लिहिणारा, एक जण मुलाशी बोलणारी. क्रम असा:

1. अंग कोरडं करा, टॉवेल द्या, जखम आहे का बघा. रक्त, ताप, धाप, सुस्ती दिसली तर वही बाजूला ठेवून आधी दवाखाना.
2. मूल ज्यांच्यासोबत आलं त्यांच्यासोबतच राहू द्या. बहीण-भावंडांना 'मुली इकडे, मुलगे तिकडे' असं तोडू नका.
3. नाव विचारा, आणि पोर सांगेल तेच लिहा. कागदावरचं नाव नंतर.
4. गावासोबत वस्ती लिहा: तांडा, पाडा, कुणाचा मळा.
5. सोबत कोण आलंय आणि नातं काय. एकटंच असेल तर कोणी आणलं, कुठे सापडलं, किती वाजता.
6. अंगावरचे कपडे आणि एखादी खूण.
7. शेवटचा रकाना 'कुणासोबत गेलं'. तो आज कोराच राहील.

तिसऱ्या पायरीवर लोक हमखास घसरतात. एका केंद्रात आमच्या वहीत पहिल्या रात्री चार 'पप्पू' आणि तीन 'गोलू' होते. पाच वर्षांच्या पोराला स्वतःचं शाळेतलं नाव माहीत नसतं, आणि असलं तरी त्या रात्री आठवत नाही. म्हणून हाकेचं नाव, आईला घरात काय म्हणतात, बापाला गावात काय म्हणतात, घरी कुठलं जनावर आहे, एवढं लिहून ठेवा. 'काळी म्हैस, तिला कपाळावर पांढरा टिळा' या एका ओळीवरून आम्ही एका गोलूचं घर शोधलं होतं.

भाषेचंही तसंच. पुस्तकी मराठीत विचारलं तर पोर मान खाली घालतं. अहिराणीत 'तुन्हं नाव काय शे?' म्हटलं की तोंड उघडतं. पावरी किंवा भिली बोलणारं कुणी गावात असेल तर त्याला भांडी धुवायला लावू नका, टेबलावर बसवा.

> सावध: आता एवढंच विचारा. 'पाणी कसं आलं, कोण वाहून गेलं' हे प्रश्न दारात नाहीत. पत्रकार विचारतील, पुढारी विचारतील, त्यांनाही थांबवा.

ओळखीपुरता एक फोटो काढायचा असेल तर एकाच ठरलेल्या फोनवर काढा आणि तो तिथेच राहू द्या. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हे मूल कुणाचं, शेअर करा' असं टाकू नका. तो फोटो सुरतेपासून भुसावळपर्यंत कुणाच्या हातात पडेल याला धरबंध नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख जाहीर करायला कायद्यानेही मनाई आहे.

## टप्पा ३: एकटं आलेलं मूल

इथे घाई केली तर ती निस्तरता येत नाही, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, 'अनाथ' हा शब्द वहीत लिहू नका आणि पोराच्या कानावर पडू देऊ नका. एकटं आलेल्या मुलाचे आई-बाप बहुतेक वेळा पलीकडच्या काठावर, दुसऱ्या शाळेत किंवा कुणाच्या तरी गच्चीवर असतात. वहीत 'ताटातूट' लिहा.

दुसरी, कळवणं ही मेहेरबानी नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे पालकांपासून तुटलेलं मूल सापडलं तर २४ तासांच्या आत १०९८, पोलीस, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी एकाला कळवावंच लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. 'आपल्याच गावचं पोर आहे, कशाला पोलीस' हे ऐकून घ्या आणि फोन लावा. फोन केल्याची वेळ आणि उचलणाऱ्याचं नाव वहीत टिपा.

तिसरी, तोवर त्या मुलाला ओळखीच्या चेहऱ्याजवळ बसवा. त्याच्याच गल्लीतली शेजारीण केंद्रात असेल तर फारच उत्तम. शेजारच्या सगळ्या केंद्रांना फोन करून दोन्हीकडच्या वह्यांतली नावं वाचून दाखवा, सकाळ-संध्याकाळ. हे कंटाळवाणं काम सर्वांत जास्त मुलं घरी पोचवतं.

आता मूल परत देण्याबद्दल. इथली चूक माझी स्वतःची आहे. सात वर्षांची एक मुलगी एकटी आली होती. पहाटे एक माणूस आला, 'मी तिचा मामा'. मुलगी त्याला बिलगली. मी सही घेतली, फोन नंबर घ्यायचा राहिला आणि दिली पाठवून. मामा खराच होता. पण मुलीची आई त्या वेळी तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत होती. सकाळी ती आमच्याकडे आली तेव्हा पोर कुठे गेली हे मला सांगता येईना. मामाचं गाव विचारलंच नव्हतं. दुपारी दोन वाजेपर्यंत ती बाई शाळेच्या पायरीवर बसून होती. मी समोर, हातात अर्धवट भरलेली वही. मामा खरा निघाला हे नशीब. मी तपासून दिलेलं नव्हतं.

त्यानंतर मी हा क्रम सोडलेला नाही:

1. न्यायला आलेल्याला मूल दाखवायच्या आधी त्याच्याकडून मुलाचं वर्णन घ्या. वय, खूण, घरातली माणसं, ते जनावरसुद्धा. वहीशी ताडून पाहा.
2. मुलाला वेगळं घेऊन विचारा, हे कोण? तुला यांच्यासोबत जायचंय का? ते गप्प बसलं, अंग चोरलं, तर थांबा.
3. ओळखपत्र बघा. कागद वाहून गेले असतील तर त्याच गावच्या पोलीस पाटलाला, सरपंचाला किंवा तलाठ्याला फोनवर विचारा.
4. आई-बाप सोडून दुसरं कुणी आलं असेल, अगदी सख्खा काका असला तरी, पोलीस आणि बाल कल्याण समितीला कळवल्याशिवाय देऊ नका. ठरवायचा अधिकार समितीचा आहे, तुमचा-माझा नाही.
5. कुठल्या गावी नेतोय, कुणाच्या घरी, दोन फोन नंबर, सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार. मगच शेवटचा रकाना भरा.

> सावध: 'मी सांभाळतो, मला मूलबाळ नाही' असं म्हणणारी भली माणसं तिसऱ्या दिवशी येतातच. दत्तकाची वाट फक्त कायद्याच्या यंत्रणेतून जाते, शाळेच्या व्हरांड्यातून नाही. 'पोराला कामाला लावतो, जेवणाखाणाची सोय होईल' म्हणणाऱ्याला तर बसायलाही सांगू नका. नंदुरबारहून गाडीत बसलं की सुरत काही तासांवर आहे. त्याचं वर्णन लिहून ११२ ला कळवा.

## टप्पा ४: पहिली रात्र

दिवसा केंद्र कसं दिसतं याला महत्त्व नाही, रात्री अकराला कसं दिसतं ते बघा. मुलगी संडासला जाताना कुठून जाते, वाटेत अंधार कुठे आहे, कडी आतून लागते का, हे तुम्ही स्वतः चालून तपासा. वीज नसेल तर वाटेवर टॉर्च घेऊन एक बाई बसवा. बायका-मुलींचे संडास वेगळे हवेत, पण लांब नकोत. सुरुवातीला दर ५० माणसांमागे निदान एक असं आंतरराष्ट्रीय मान आहे, आणि बायकांसाठी पुरुषांपेक्षा जास्त. शाळेचे दोन संडास पुरत नाहीत हे पहिल्याच तासात मान्य करा आणि फिरते संडास मागवा.

कुटुंबं एकत्र झोपवा. एकट्या मुलांना नेमलेल्या दोन बायांच्या शेजारी. दारू पिऊन आलेल्याला, मग तो कुणाचाही बाप असो, त्या रात्री वेगळ्या खोलीत. मोठ्या मुलींना पॅड हवेत का हे चार लोकांत विचारू नका. पिशवी संडासाजवळच्या खोलीत ठेवा आणि ती कुठे आहे एवढं सांगा.

लैंगिक त्रासाचा संशय आला तर गावात बैठक बसवून 'मिटवायचं' नाही. पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाला खोदून खोदून विचारू नका, जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा.

## टप्पा ५: पोटात काय जातंय

मदतीचं जेवण मोठ्या माणसांच्या जिभेचं असतं. एकदा एका मंडळानं पातेलंभर झणझणीत शेवभाजी पाठवली. मोठ्यांनी बोटं चाटली. तीन वर्षांची पोरं नुसती भाकर कुरतडत रडत होती. लहानांसाठी बिनतिखटाची मऊ मुगाची खिचडी वेगळ्या पातेल्यात, मोठ्यांच्या आधी वाढायची.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचं दूध. आई घाबरली की 'दूध आटलं' म्हणते; तिला आडोसा, पाणी आणि पोटभर जेवण द्या, बाळाला पाजत राहायला सांगा, दूध येतं. दुधाची भुकटी आणि बाटल्या सरसकट वाटू नका. गढूळ पाण्यात कालवलेली भुकटी आणि न उकळलेली बाटली म्हणजे हगवणीला आमंत्रण. आई नसलेलं तान्हं बाळ असेल तर तो निर्णय डॉक्टरांचा.

पाणी उकळून गार केलेलं, किंवा जंतू मारायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नाहीतर मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) घातलेलं. प्रमाण आशाताईला विचारून, पुड्यावर लिहिलंय तेवढंच. जुलाब लागले की ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट अर्धं करून अर्ध्या पेल्यात घालू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ; मीठ अंदाजे टाकायचं नाही. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, आशाताईकडून. जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करायचा.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीताईला दंडाचा घेर मोजायची पट्टी घेऊन बसवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली, तर ते मूल केंद्रात ठेवायचं नाही, दवाखान्यात आणि पुढे पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं. अक्कलकुवा-धडगावसारख्या कुपोषणाच्या पट्ट्यात ही मोजणी चुकवणं म्हणजे खेळ नाही.

> तपासा: लाल खुणेच्या प्रत्येक मुलाची औषधं सोबत आली आहेत का? फिटची गोळी दोन दिवस चुकली तरी महाग पडते.

## टप्पा ६: तिसऱ्या दिवसापासून, मन

पहिले दोन दिवस पोरं धावपळीत असतात. तिसऱ्या रात्री अंथरुणं ओली होतात. आठ वर्षांचा मुलगा अंगठा चोखायला लागतो, एखादी आईचा पदर सोडत नाही, एखादा उगाच मारामारी करतो. बऱ्याच मुलांचं हे होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. ओल्या अंथरुणावरून हसू नका, ओरडू नका. 'एवढा घोडा झाला' हे वाक्य गिळा.

एक पोऱ्या दोन दिवस जेवेना. सगळे समजावत होते: घर पुन्हा बांधू, दप्तर नवीन देऊ. त्याला घराचं काही नव्हतं. त्याच्या हातानं बकरीचं दावं सोडायचं राहिलं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं? भाजी निवडणाऱ्या एका म्हातारीला, कारण ती काही न विचारता शेजारी बसून मेथी निवडत होती. तिनं त्याच्याही हातात जुडी दिली. त्या संध्याकाळी तो अर्धी भाकर जेवला.

बोलतं करायची हीच पद्धत मला ठाऊक आहे. जवळ बसा, हाताला काम द्या, सांगितलं तर ऐका. 'विसरून जा', 'देवाची इच्छा', 'रडू नको, तू मोठा ना' हे टाळा. खोटं वचनही देऊ नका. आई सापडलेली नसेल तर 'आई येईल' म्हणू नका. 'आम्ही शोधतोय, कळलं की तुला आधी सांगू' म्हणा, आणि खरंच आधी सांगा.

एक खोली मुलांची ठरवा आणि रोज त्याच वेळी उघडा. सकाळी गाणी-गोष्टी, दुपारी चित्रं, संध्याकाळी मैदान वाळलं असेल तर लगोरी. खेळणी नसली तरी चालतं, वेळ चुकली तर चालत नाही. चित्रात पोरं पाणीच काढतात, काढू द्या. दोन आठवड्यांनंतरही मूल बोलत नसेल, झोपत नसेल, जीव द्यायचं बोलत असेल तर (हे शेवटचं ऐकलं तर त्याच दिवशी) डॉक्टर किंवा १४४१६ ही टेलिमानसची, मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन.

## टप्पा ७: देणगी आणि पाहुणे

थोडक्यात सांगते. जुने कपडे नकोत म्हणून स्पष्ट सांगा. हवं ते लिहून पाठवा: मापानुसार अंतर्वस्त्रं, चपला, टॉवेल, मच्छरदाणी. वाटप पालकांच्या हाती, मुलांना रांगेत उभं करून नाही. देणाऱ्यासोबत पोराचा फोटो नाही. पाहुणे आमदार असोत की अमेरिकेतला भाचा, मुलांच्या खोलीत एकट्यानं जायचं नाही.

## टप्पा ८: घरी जाताना आणि पुढचे तीन महिने

घर गाळानं भरलेलं असताना पोरांना आधी पाठवू नका. मोठ्यांनी आधी जावं, मेन स्वीच बंद आहे का बघावं, गाळ काठीनं हलवावा. साप कोरड्या कोपऱ्यात, पेटीखाली, सरपणात बसलेले असतात. चावलाच तर बांधणं, चिरणं, भगत हे काही नाही. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. गाळ काढायला अनवाणी पोरं लावू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल दिसले तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्या-चिखलातून होणारा ताप) शंका डॉक्टरांना स्वतःहून बोलून दाखवा.

कागद वाहून गेले म्हणून शाळा थांबत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे वयाचा दाखला नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल आजोळी गेलं असेल तर तिथल्या शाळेत दुसऱ्या दिवशी बसवा. तलाठ्याच्या पंचनाम्यात वह्या-पुस्तकं, दप्तर, सायकल यांचाही उल्लेख करून घ्या. पालक गमावलेल्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, दरमहा २२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. नातेवाइकांना ती बहुधा माहीत नसते, तुम्हीच फॉर्म हातात द्या.

पोरं गळतात ती इथून पुढे. पूर ओसरला, पीक गेलं, दिवाळीनंतर टोळीसोबत ऊसतोडीला जायचं ठरलं. मग चौदा-पंधराची मुलगी 'उरकून टाकू' म्हणून बोहल्यावर आणि तिचा भाऊ हॉटेलात. वहीतल्या प्रत्येक घरी महिन्यातून एकदा जा: मूल शाळेत आहे का, कुणाकडे झोपतं, ताटात काय आहे. लग्नाची कुणकुण लागली तर ग्रामसेवकाला लेखी कळवा. गावात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर आहे. आणि १०९८ आहेच.

केंद्र बंद करायच्या दिवशी शाळेची चावी देण्याआधी वही उघडा आणि शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवा. एकही ओळ कोरी असेल तर चावी द्यायची नाही.